दोन कुत्र्यांची जोड

मराठींत बैलांची जोडी आहे, पैलवानांची जोड आहे, पायांतील तोड्यांची जोडी आहे. नवराबायकोच्या जोडीस तर वडीलधाऱ्यांचा आशीर्वादच लागतो. परंतु कुत्र्यांची जोडी असें म्हटलें कीं ऐकणाराच्या मुद्रेवर हंसूं उमटतें. कुत्र्यांचें भांडण सर्वांस ठाऊक असतें. दोन कुत्रीं एका वाटेनें, एका चालीनें, एकमेकांचा हेवा न करितां चालूं शकतात, आणि तशीं तीं चालावीं म्हणून माणसानें हजारों वर्षें आपली बुद्धि खर्चिली आहे, ही गोष्ट मात्र आमच्याकडे कोणी फारशी बोलून दाखवीत नाहीं. या विषयाकडे आमचें लक्ष केवळ ज्ञानलालसेनें गेलें असें म्हणणें खोटें होईल. तें गेलें एका फाटलेल्या कानामुळें.

हकीकत अशी. आम्ही परभणीस एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. आमच्या घरीं मोती नांवाचा एक गांवठी कुत्रा सात वर्षें सुखानें नांदत होता. अंगण त्याचें, ओटा त्याचा, दुपारची सावलीहि त्याची. दोन वर्षांपूर्वीं आम्ही माळेगांवच्या यात्रेस गेलों. ही खंडोबाची यात्रा नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांत मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. तेथें घोडे, गाढवें, उंट यांचा मोठा बाजार असतो आणि कुत्र्यांचें प्रदर्शनहि होतें. मल्हारी मार्तंडाच्या घोड्याबरोबर धांवणारें कुत्रें ज्यानें टाकावर पाहिलें आहे, त्यास या बाजाराचें नवल वाटणार नाहीं. तेथें दहा महिन्यांची एक कारवानी कुत्री आमच्या मनांत भरली. उंच पाय, अरुंद मुख, आंत ओढलेलें पोट. उभी राहिली म्हणजे ताणलेल्या धनुष्यासारखी दिसे. ती आम्हीं विकत घेतली, आणि प्राध्यापकी खोडीस अनुसरून तिचें नांव एका ग्रीक ग्रंथांतून काढून 'हॉर्मी' असें ठेविलें. घरांतील मंडळींनीं त्याच रात्रीं तिची 'हिरी' केली.

चूक झाली ती आमची. हिरीस आम्हीं थेट अंगणांत आणून सोडलें, आणि तेंहि मोती आपल्या भाकरीवर असतांना. पुढें काय झालें तें सांगावयास नको. मोतीच्या कानास टांके पडले. हिरी तीन दिवस मोरींतून बाहेर आली नाहीं. आणि आमच्या घरांतून असा प्रश्न आला कीं, एक कुत्रें परत करावयाचें तर कोणतें? त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मोतीस सोडणें शक्य नव्हतें, आणि हिरीस पुन्हां बाजारांत उभी करणें आमच्यानें झालें नसतें. अशा प्रसंगीं इतर लोक शेजाऱ्यास विचारतात. आम्ही पुस्तकें उघडलीं.

परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. तिच्या वरच्या अंगास प्रवरा नांवाची उपनदी आहे आणि त्या प्रवरेच्या कांठीं, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, दायमाबाद हें प्राचीन स्थळ आहे. तेथें १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यास जमिनींत चार ब्राँझच्या वस्तु सांपडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, पण चार हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट आहे असें मानणारे पुष्कळ आहेत. या रथास दोन बैल जुंपलेले आहेत, मागें एक पुरुष उभा आहे, आणि रथाच्या दांड्यावर, त्या पुरुषापुढें, एक लहानसें कुत्रें उभें आहे. बैलांच्या मानेवर जूं आहे. कुत्र्यास मात्र कशानेंहि बांधलेलें नाहीं. तें आपण होऊन उभें आहे आणि त्याचें तोंड ज्या दिशेस बैल चालले आहेत त्याच दिशेस आहे. आम्हीं हें शिल्प चित्रांत पूर्वीं अनेकदां पाहिलें होतें. कानास टांके पडल्यानंतरच तें कुत्रें आमच्या दृष्टीस पडलें.

वेदांत तर स्पष्टच दोन कुत्रीं आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील यमसूक्तांत यमाचीं दोन कुत्रीं येतात. तीं सरमेचीं मुलें म्हणून सारमेय, आणि त्यांस चार डोळ्यांचीं म्हटलें आहे. ज्या कुत्र्यांच्या डोळ्यांवर दोन ठिपके असतात तशीं हीं असावींत, असा अर्थ कित्येक लावतात. तीं वाटेचीं राखणदार आहेत आणि माणसांमधून हिंडत असतात. पुढें त्यांचीं नांवें श्याम व शबल अशीं रूढ झालीं: एक काळा, एक ठिपक्यांचा. वैश्वदेवाच्या वेळीं या दोघांस बळी देण्याची चाल कित्येक घरांतून चालत आली. आमच्या आजोबांच्या घरीं ती होती, आणि भाताचा तो गोळा प्रत्यक्षांत कोणाच्या पोटांत जातो हें आम्हांस बालपणींच माहीत झालें होतें. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या दोघांचें एकमेकांशीं भांडण झाल्याचें कोठें ऐकूं येत नाहीं. दोघांस एक वाट सांभाळावयाची आहे. भांडावयास सवड नाहीं.

महाभारताच्या आरंभींहि एक कुत्र्याचें पिलूं आहे, तें विसरूं नये. जनमेजयाच्या सत्रांत तें आलें असतां राजाच्या भावांनीं त्यास मारलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंडहि लाविलें नव्हतें. तेव्हां त्याची आई सरमा सभेंत येऊन अपराध नसतांना मारल्याचा जाब विचारते, आणि उत्तर न मिळाल्यामुळें शाप देते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या पाठींत काठी घालणाऱ्यांनीं ही कथा अवश्य वाचावी. गुरगुरणें हा अपराध नव्हे. ती सूचना आहे. ती दाबून टाकली म्हणजे पुढच्या वेळीं कुत्रें सूचनेवांचून चावतें.

पुराणांतून इतिहासांत आलों म्हणजे कुत्र्यांच्या जोडीचें चित्र बदलतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. आमचा हा प्रदेश तेव्हां त्याच घराण्याच्या सत्तेखालीं होता. त्या ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा विनोद, असें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. विनोद कसला, तर मुख्यतः शिकारीचा. त्यानंतर दीडशें वर्षांच्या आंत म्हाइंभटांचें 'लीळाचरित्र' लिहिलें गेलें. त्यांत मराठी गद्यांतील अत्यंत हृद्य असा एक प्रसंग आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढें धांवत आलेला एक ससा श्रीचक्रधरांच्या मांडीखालीं शिरतो. मागून पारधी येतात आणि ससा मागतात. कारण काय सांगतात? हा ससा पैजेचा आहे, तो न मिळाला तर आपसांत सुऱ्या निघतील. चक्रधर शरणागतास देत नाहींत. सर्व वाचक येथें चक्रधरांकडे पाहतात आणि तें योग्यच आहे. पण आम्हीं यंदा प्रथमच त्या कुत्र्यांकडे पाहिलें. जुन्या मराठींत कुत्र्यास 'सुणें' म्हणत. पैज लागली होती ती या सुण्यांवर. एका सशामागें कुत्रीं सोडावयाचीं आणि कोणाचें पुढें जातें यावर होड लावावयाची, हा खेळ तेराव्या शतकांत येथें इतका मुरलेला होता कीं, त्यापायीं माणसांनीं माणसांवर सुऱ्या काढाव्या.

हाच खेळ युरोपांतहि होता. सिकंदराच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा एरियन आपल्या वाचकांस परिचित आहे. त्यानेंच इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत कुत्र्यांच्या शिकारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. एका सशावर दोनांहून अधिक कुत्रीं सोडूं नयेत, सशास आधीं थोडें पुढें जाऊं द्यावें, आणि ससा निसटला तरी खऱ्या शिकाऱ्यास वाईट वाटत नाहीं, असें त्यांत आहे. पुढें एलिझाबेथ राणीच्या काळीं नॉर्फोकच्या ड्यूकनें या शर्यतीचे नियम बांधले. त्यांतहि कुत्रीं दोनच. १८३६ पासून २००५ पर्यंत इंग्लंडांत वॉटर्लू कप या नांवानें ही शर्यत चालली. एकाच्या गळ्यांत तांबडा पट्टा, दुसऱ्याच्या गळ्यांत पांढरा. दोघांस एका दोरींत धरावयाचें आणि एकदम सोडावयाचें. म्हणजे जोडी खरी, पण ती स्पर्धेची. दोर सुटला कीं सोबत संपली.

एरियनच्याच ग्रंथांत दुसरें एक कुत्रें आहे आणि आम्हांस तें पहिल्या दोहोंपेक्षां अधिक आवडतें. ती त्याची स्वतःची कुत्री हॉर्मी. तिच्याविषयीं हा सेनापति व प्रांताधिकारी असा लिहितो कीं, जणूं लेकीविषयीं लिहीत आहे. तो घरीं असला म्हणजे ती त्याच्याजवळ बसे. व्यायामशाळेकडे निघाला कीं बरोबर जाई. परततांना पुढें चाले, आणि धनी वाट सोडून कोठें गेला तर नाहीं ना, हें पाहण्यास वारंवार मागें वळे. येथें ससा नाहीं, पैज नाहीं. नुसतें चालणें आहे.

असो. आम्हीं मात्र त्या वेळीं हा धडा घेतला नाहीं. आम्हांस भुरळ पडली ती इंग्रजी शिकारखान्यांतील रीतीची. तेथें हाउंड कुत्र्यांची गणती जोड्यांनीं करितात. साडेपंधरा जोड्या असेंहि म्हणतात. नवशिकें कुत्रें जुन्याच्या गळ्यास आंखूड सांखळीनें जोडावयाचें आणि दोघांस हिंडवावयाचें, म्हणजे जुन्याची चाल नव्यास लागते. आमच्याकडील शेतकरीहि गोऱ्हा वळणास लावतांना त्यास जुन्या, समजूतदार बैलाच्या जोडीस देतो. तेव्हां पूर्व आणि पश्चिम या दोहोंचें एकमत झालें, असें मानून आम्हीं एक सांखळी करविली आणि मोती व हिरी यांस एकत्र जोडलें. परिणाम असा झाला कीं, मोतीनें जागच्या जागीं बसकण मारली, हिरी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, आणि दोघांमध्यें ताणलेल्या त्या वीतभर लोखंडावरून दुसऱ्यांदां दांत दिसले. शिकारखान्यांतील कुत्रीं जन्मापासून थव्यांत वाढलेलीं असतात. गोऱ्ह्यास जुंपण्यापूर्वीं तो त्या बैलाशेजारीं महिनेच्या महिने बांधलेला असतो. सांखळी ही जोडीची शेवटची खूण आहे, पहिली पायरी नव्हे, हें आमच्या लक्षांत आलें नाहीं.

तें लक्षांत आणून देणारा मनुष्य पुस्तकांत नव्हता. दिवाळीनंतर आमच्या काळ्या रानांत धनगर मेंढ्या घेऊन येतात. शेतकरी आपल्या शेतांत मेंढ्या बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांनीं जमिनीस कस येतो, आणि धनगरास धान्य वा पैसे मिळतात. जिंतूरच्या रस्त्यालगत असाच एक वाडा उतरला होता. त्यांच्याबरोबर तीन कुत्रीं होतीं: एक थोराड, काळें, दोन वर्षांचें एक, आणि एक अर्धवट वाढलेलें पोर. मेंढ्या चालूं लागल्या कीं थोरलें कुत्रें कडेनें चाले, दुसरें पलीकडच्या कडेनें, आणि पोर थोरल्याच्या मागें पांच-सहा हातांवर. कोणी कोणाकडे पाहत नव्हतें. आम्हीं त्या वृद्ध धनगरास आपलें गाऱ्हाणें सांगितलें. तो मिशींतल्या मिशींत हंसला आणि म्हणाला, "सर, त्यायला एकमेकाचं तोंड कशाला दावता? वाट दावा."

आम्ही तीस वर्षें वर्गांत बोलत आलों आहों. इतक्या थोड्या शब्दांत इतकें सांगणें आम्हांस कधीं साधलें नाहीं. शिकारीनें जी जोडी केली ती चुरशीची. मेंढपाळानें जी केली ती सोबतीची. पहिलीत दोन कुत्र्यांचें लक्ष एका भक्ष्यावर असतें, म्हणून तीं परस्परांचीं प्रतिस्पर्धी. दुसरीत दोघांचें लक्ष वाटेवर आणि कळपावर असतें. लांडगा यावयाचा तो बाहेरून. आमच्या नामदेवांची कथा आठवावी. त्यांचें नरसी हें गांव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें, आतां हिंगोलींत आहे. कुत्रें भाकरी घेऊन पळतें आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवतात. तेथेंहि समोरासमोर कोणी नाहीं. दोघे एकाच दिशेनें चालले आहेत. कारवानी कुत्र्यांचें शिकारीचें काम तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें संपलें, आणि तें संपलें हें योग्यच झालें. पण काम गेलें तरी पाय राहिले. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं पंचम जॉर्ज यांस या वंशाच्या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याचें सांगतात. डाकखात्यानें २००५ सालीं मुधोळ कुत्र्याचें तिकीटहि काढलें. तिकिटावर कुत्रें शोभतें. मात्र ज्याच्या पूर्वजांनीं शतकानुशतकें सशामागें धांव घेतली, तें कुत्रें परभणीच्या एका अंगणांत दिवसभर करणार काय, याचा विचार तें विकत घेणारांनीं करावयास हवा होता. आम्हीं केला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं सांखळी कोनाड्यांत ठेविली. आमच्या एका विद्यार्थ्यानें हिरीस धरावयाचें आणि आम्हीं मोतीस. दोघांस घरांतून वेगवेगळ्या वेळीं बाहेर काढावयाचें आणि भेटवावयाचें तें कृषि विद्यापीठाच्या बाजूच्या रस्त्यावर, कारण तो रस्ता दोघांपैकीं कोणाच्याहि मालकीचा नव्हता. पहांटे पांचास रहदारी नसते. रस्त्याच्या या कडेस आम्ही, त्या कडेस ते. मध्यें पंचवीस-तीस हातांचें अंतर. थांबावयाचें नाहीं, ओरडावयाचें नाहीं, दोर ताणावयाचा नाहीं. माणसानें दोर घट्ट धरला कीं भय हातांतून दोरांत आणि दोरांतून कुत्र्याच्या मानेंत उतरतें. हें विधान शास्त्रीय नाहीं असें कोणी म्हणेल. त्यानें एकदां दोन रुसलेलीं कुत्रीं घेऊन चालून पाहावें.

पहिले चार दिवस मोती त्या कडेकडे पाहत गुरगुरे. गुरगुरला कीं आम्ही अंतर वाढवीत असूं. त्याची नजर वळली, त्यानें भुई हुंगली, कीं तेवढ्यापुरता त्यास भाकरीचा तुकडा मिळे. पांचव्या दिवशीं आम्ही त्यांच्या बऱ्याच मागून चाललों, म्हणजे हिरीच्या वाटेवरूनच. मोतीनें तिच्या पावलांचा, तिनें जेथें जेथें मूत्र सोडलें होतें त्या त्या जागेचा, एखादा जुना दस्तऐवज वाचावा तसा सावकाश वास घेतला. माणसाची ओळख तोंडानें सुरू होते, कुत्र्याची मागून. दुसऱ्या दिवशीं हिरीस मागें ठेवून तिलाहि तोच दस्तऐवज वाचूं दिला. मग अंतर पंधरा हात, मग आठ. तिसऱ्या आठवड्यांत दोघें शेजारीं चालूं लागलीं, अद्याप दोन माणसांच्या हातीं, आणि माणसें मध्यें. घरीं मात्र भाकरी वेगवेगळ्या खोल्यांत, आणि निजण्याच्या जागाहि निराळ्या. जेवणाची पंगत एकत्र बसविण्याची घाई आम्हीं अद्याप केलेली नाहीं, व करणारहि नाहीं.

खरी अडचण चालीची होती. हिरीचें एक पाऊल म्हणजे मोतीचीं दोन. ती चालतांनाहि धांवत असे आणि तो चालतांनाहि वाचीत असे. आमच्या विद्यार्थ्याचें मत पडलें कीं मोतीस जरा ओढावें. आम्हीं नकार दिला. बैलांच्या जोडींत एक चपळ व एक सुस्त असला तर शहाणा गडी चपळास आवरतो. सुस्तास पराणी टोंचून चपळ करणारा लौकरच दोन्ही बैल बिघडवितो. तेव्हां चाल मोतीची ठरली. हिरीचें धांवणें सायंकाळीं, एका मित्राच्या कुंपण घातलेल्या मळ्यांत, एकटीनें. पोटभर धांवून आली म्हणजे दुसऱ्या पहांटे तिला सावकाश चालणें जमूं लागलें. बैलांप्रमाणेंच बाजूहि ठरवून दिल्या: मोती डावीकडे, हिरी उजवीकडे, त्या बाजू आम्हीं एकदांहि बदलल्या नाहींत. दीड महिन्यानंतर दोन्ही दोर प्रथमच एका हातांत आले. त्या पहांटे घरीं परतल्यावर आम्हीं चहा घेतला नाहीं, कारण हात कांपत होता.

गेल्या पौषांत एके दिवशीं उजाडतां उजाडतां ज्वारीच्या कडेनें एक ससा उठला आणि रस्ता ओलांडून आमच्या पुढून गेला. हिरी ताठ झाली. दोर ताणला गेला नव्हता, पण पुढच्या निमिषांत तो ताणला जाईल, आणि आमच्या वयाचा मनुष्य त्या झटक्यास टिकणार नाहीं, हें आम्हांस कळत होतें. मोतीनें सशाकडे एकदां पाहिलें. मग त्यानें रस्त्याच्या कडेच्या बाभळीचें बूड हुंगलें आणि तो आपल्या नेहमींच्या गतीनें चालूं लागला. हिरीनें सशाकडे पाहिलें, मोतीकडे पाहिलें, पुन्हां ज्वारीकडे पाहिलें. आणि दोन उड्यांत ती त्याच्या उजव्या बाजूस आली. आम्हीं तिला नंतर पुष्कळ भाकरी दिली.

मोतीचे मागचे पाय आतां धरूं लागले आहेत. पूर्वीं तो विद्यापीठाच्या कुंपणापर्यंत येई. हल्लीं ओढ्यावरच्या पुलापर्यंत येतो आणि उभा राहतो. हिरी थोडी पुढें गेलेली असते. तीहि वळून पाहते, आणि मग आम्ही तिघे परत फिरतों.